खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या विदर्भात बैलाचा खांदा शेकतात. गरम पाणी, हळद, तूप. वर्षभर जू ओढून जो खांदा सुजला, सोलवटला, त्याला मालक स्वतःच्या हातानं चोळतो आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. याला खांदशेकणी म्हणतात. माझ्या बापानं सक्करदऱ्यातून इतवारीत पायी जाऊन एकतीस वर्षं पोती वाहिली. त्याचा खांदा कोण्या मालकानं शेकला नाही. माय शेकायची रोज रात्री, विटकरीचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून. पण माय काही मालक नव्हती.

दोस्तहो, मी इतिहास लिहायला बसलोय आणि सुरुवात बापाच्या खांद्यापासून करतोय, म्हणून हसू नका. आमच्या सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे, तळं आहे, बुधवारचा बाजार आहे. राजे पालखीत बसले ते बखरीत आलं. पालखी ज्यांच्या खांद्यावर होती ते बखरीत आले नाहीत. कागदावर ते नाहीत, शिलालेखात नाहीत. मग कुठं असतील? मी म्हणतो, हाडात असतील. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. एक हाड हातात घेऊन म्हणतोय.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतला एक पोरगा डॉक्टरकी शिकतो. पहिल्या वर्षाला या पोरांना माणसाच्या हाडांची पेटी लागते. वरच्या वर्गातल्या पोराकडून त्यानं ती विकत घेतली. घरी त्याची आजी पेटी आत घेऊ देईना. म्हणे कोणाचं मढं आणलं रे घरात. मग ती पेटी माझ्या खोलीत आली. मी एकटा माणूस, पुस्तकं आणि जुने अंक यांच्या ढिगात एक पेटी जास्त. पोरगा रात्री येऊन माझ्या दिव्याखाली अभ्यास करायचा.

एका रात्री त्यानं दंडाचं हाड माझ्या हातात दिलं. "काका, याचा वरचा गोळा पाहा." गोळ्याच्या एका बाजूला रुपयाएवढी जागा चकाकत होती. बाकीचं हाड खडूसारखं, आणि ही जागा हस्तिदंतासारखी गुळगुळीत. बोट फिरवलं तर गार लागलं. पोरगा म्हणाला, "सांध्यातली कूर्चा झिजून संपली, की हाडावर हाड घासते. घासून घासून अशी पॉलिश होते. हा माणूस जिवंत असतानाची गोष्ट आहे. मेल्यावर असं होत नाही."

मी ते हाड खाली ठेवू शकलो नाही. उजव्या दंडाचं होतं. बापाचाही उजवाच.

माझा बाप १९५१ साली इतवारीत हमालीला लागला तेव्हा सोळा वर्षांचा होता. क्विंटलचं पोतं. ट्रकच्या फळीवरून उतरताना मान डावीकडं झुकवून पोतं उजव्या खांद्यावर घ्यायचं, हातानं वरून धरायचं आणि चालायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जाताना त्याच्या खांद्यावर पोतं नव्हतं, आजी होती. तिला चालवत नव्हतं. घरात हा एकच दिवस असा, की त्याच्या खांद्याची गोष्ट तो हसत सांगायचा. १९८२ मध्ये त्यानं काम सोडलं. सोडलं म्हणजे सुटलं. हात कानाच्या वर जाईना. १४ एप्रिलला वस्तीतल्या पुतळ्याला हार घालायचा मान म्हाताऱ्यांचा. बापाचा नंबर आला तेव्हा त्यानं हार माझ्या हातात दिला. "हात वर होत नाई ना पोरा. तू घाल." लोकांना वाटलं म्हातारा भारावला. त्याला कळ आली होती.

एका दवाखान्यात गेलो होतो आम्ही. नाव लिहीत नाही, सगळीकडं तेच. डॉक्टरनं शर्ट काढायला सांगितलं नाही, हात लावला नाही. लांबूनच म्हणाला, वजन उचलू नका. बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "वजन उचलू नोको म्हणते. मंग खाऊ काय, त्याचं टेबल?"

आता थोडं शास्त्र. थोडंच. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला लिंबू. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि फऱ्याच्या हाडाची उखळी उथळ. त्यामुळं हात चहूकडं फिरतो, गाईबैलाचा पाय तसा फिरत नाही. पण लिंबू बशीवरून घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या दोऱ्यांनी तो आवळून धरलाय. त्यातली एक दोरी फऱ्याच्या टोकाखालच्या चिंचोळ्या फटीतून जाते. हात पुन्हा पुन्हा वर नेला की ती फटीत घासते, फुगते, शेवटी तुटते. बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननं १९३४ साली खांद्यावरच मोठा ग्रंथ लिहिला. १९७२ साली अमेरिकेतल्या नीअर नावाच्या डॉक्टरनं मेलेल्या माणसांचे शंभर फरे तपासून सांगितलं, की त्या टोकाच्या खालच्या बाजूला काही जणांत हाडाचे काटे वाढलेले असतात. स्नायू कुजून माती होतो, पण तो जिथं घासला तिथं हाडावर खड्डे पडतात, कडेला काटे येतात, आणि ते हजारो वर्षं टिकतं. जमिनीतून निघालेल्या सांगाड्याचा खांदा म्हणूनच वाचता येतो. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे ती चकाकी.

गुडघा आणि कंबर अंगाचा भार उचलतात, म्हणून तिथं झीज जास्त. खांद्याच्या मुख्य सांध्यात ती तेवढी सहज होत नाही. तिथं ती दिसली की विचारायचं, हा माणूस काय करत होता? मात्र हसळीचं हाड फऱ्याला जिथं जुळतं तो लहान सांधा वयानं बहुतेकांचा झिजतो. हे मला त्या पोरानंच बजावलं. मी बोलून गेलो होतो की हे हमालाचं हाड आहे. तो म्हणाला, "काका, सेठ सत्तर वर्षांचा झाला की सेठच्या खांद्यालाही होते. वय आहे, जखम आहे, घराण्यातला दोष आहे. एका हाडावरून धंदा नाही सांगता येत. शंभर हाडं पाहिजेत, आणि ती कोणाची ते माहीत पाहिजे." मला राग आला. मग वाटलं, बरोबर बोलला. आपण पोथीवाल्यांना पुरावा मागतो, तर आपल्यालाही पुरावा लागेल.

म्हणून मी शोधत निघालो, की मेलेल्या कष्टकऱ्यांचे खांदे कोणी, कुठं मोजलेत.

आधी आपल्या नागपूरचंच पाहू. काटोल रोडनं गेलं की जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, सुमारे ३००. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली. पुढं शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथं खोदकाम केलं. माहुरझरीचं १९७० ते ७२ मधलं. ही दफनं आहेत, आजपासून अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. त्यात कट्यारी निघाल्या, कुऱ्हाडी निघाल्या, अकीकाचे मणी निघाले. घोडे पुरलेले निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली.

आम्ही सात-आठ जण सायकलीनं जुनापाणीला गेलो होतो एकदा. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत चिवडा घेतला होता. एक पोरगा त्या दगडाला खांदा लावून ढकलू लागला. हलला नाही. पाच जणांनी लावला. तरी नाही. मग तो म्हणाला, "कोणाच्या बापानं आणले हे इथं?" गंमतीत बोलला तो, पण प्रश्न तोच आहे. आत ज्याला पुरलं त्याची कट्यार म्युझियममध्ये गेली. घोड्याचा दागिना गेला. दगड ओढून आणणाऱ्यांना दगडाचं वर्तुळ मिळालं असेल असं मला वाटत नाही. भट्टीवर भाता फुंकणारा, घण मारणारा, त्यांचे खांदे कुठं पुरले? वर्तुळाच्या आत काय आहे ते खोदून झालं. वर्तुळाच्या बाहेर खोदायला पाहिजे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदकाम केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं तुम्ही ऐकली असतील. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानचं शेतकऱ्यांचं गाव. दोनशेच्या वर दफनं. त्यातली बहुतेक लेकरांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात लेकरू ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवायचे, डोकं उत्तरेला. आणि घोट्याखालून पाय तोडायचे. विद्वान म्हणतात, भूत होऊन फिरू नये म्हणून, घर सोडून जाऊ नये म्हणून.

पण एक माणूस सोडून. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा रांजण निघाला, त्यात चाळिशीचा एक पुरुष बसवलेला. काळ इ.स.पू. १००० च्या आगेमागे. त्याचे पाय शाबूत. ढवळीकर म्हणतात हा गावचा मुखिया असावा. धान्याचं कोठार त्याच्या घराजवळ, सधन लोकांची घरं गावाच्या मधोमध, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा हे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला. वाचता वाचता मी थांबलो. तीन हजार वर्षांपूर्वी मनू नव्हता, पण कड होती. तिथं अस्पृश्यता होती असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण कोणाचे पाय तोडायचे आणि कोणाचे ठेवायचे हे गाव ठरवत होतं, एवढं दिसतं. आणि तिथं पाटबंधाऱ्याचा चर निघालाय, काठाला बांध घातलेला. माती खांद्यावरूनच वाहिली असेल नाहीतर डोक्यावरून. या हाडांवर दात मोजायचं काम पुष्कळ झालंय, कारण दात टिकतात. फऱ्याचं हाड पापडासारखं पातळ, मातीत चटकन मोडतं. इतिहासातही तेच. खाणाऱ्याचे दात टिकतात.

उत्तर प्रदेशात गंगेच्या खोऱ्यात सराय नाहर राय आणि महदहा इथं त्याहून कितीतरी जुन्या, शिकारी लोकांचे सांगाडे निघाले. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या केनेडी यांनी १९८३ मध्ये त्यांच्या कोपराजवळच्या हाडावरची उठलेली धार दाखवली आणि म्हटलं, ही भाला फेकणाऱ्या हाताची खूण. खांदा नाही, कोपर. पण रीत कळते.

इजिप्तचं आता. अखेनातेन राजानं इ.स.पू. १३५० च्या सुमारास वाळवंटात नवी राजधानी उभी केली, अमार्ना. काही वर्षांत. चित्रांत राजा-राणी सूर्याच्या किरणांत बसलेले, समोर फळांचे ढीग. २००६ पासून तिथल्या साध्या माणसांची स्मशानभूमी खोदली गेली. कोवळ्या वयात मेलेली माणसं, पाठीचे मणके दबलेले, सांधे झिजलेले. आणि पाच पुरुषांच्या फऱ्याच्या हाडावर भोसकल्याची भोकं, काही बरी होत आलेली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला. पुढं थोड्याच वर्षांनी गादीवर आलेल्या होरेमहेब राजाच्या फर्मानात चोरीची एक शिक्षा लिहिलेली आहे: शंभर फटके आणि पाच उघड्या जखमा. अभ्यासकांनी हाड आणि फर्मान शेजारी ठेवलं. कायदा खांद्यावर लिहिलेला सापडला. आपल्याकडच्या कायद्यात कोणाच्या कानात तापलेलं तेल आणि कोणाची जीभ हे लिहिलं होतं. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं. पण कान आणि जीभ सांगाड्यात राहत नाहीत.

बायांचं राहून जातं म्हणून इथंच लिहितो. सीरियात अबू हुरेरा नावाचं जुनं गाव होतं, शेती नुकती सुरू झालेली तेव्हाचं. थेया मॉलसन या बाईनं १९९४ मध्ये तिथल्या हाडांबद्दल लिहिलं. बायकांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे वाकलेले, गुडघे आणि कंबर झिजलेली, आणि दंडाच्या हाडावर खांद्याचा स्नायू चिकटतो ती जागा ठसठशीत उठलेली. गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी दगड पुढं-मागं ढकलत तास न् तास धान्य दळायचं, त्याच्या या खुणा. माझी माय रेजा होती, दिवसभर घमेली वाहायची आणि पहाटे दळायची. बापाच्या खांद्याची गोष्ट मी इतकी सांगतो, मायनं स्वतःच्या खांद्याबद्दल कधी सांगितलंच नाही. विचारलंही नाही मी.

आणि न्यूयॉर्क. हे नीट वाचा, कारण हे आपल्या कामाचं आहे. १९९१ साली मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलामांची दफनभूमी निघाली. सतराव्या-अठराव्या शतकातली. ४१९ माणसं. आफ्रिकेतून पकडून आणलेली, आणि त्यांची तिथं जन्मलेली लेकरं. आधी सरकारचा विचार होता, की लवकर उचला आणि इमारत बांधा. काळे लोक रस्त्यावर आले. निदर्शनं, प्रार्थना, मोर्चे. म्हणाले, हे आमचे पूर्वज, यांचा अभ्यास कोण करणार ते आम्ही ठरवू. शेवटी ती हाडं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली, जे काळ्यांचं विद्यापीठ आहे, आणि मायकेल ब्लेकी यांच्या हाताखाली अभ्यास झाला. हाडांवर काय होतं? स्नायू चिकटतात तिथं उठलेले कंगोरे, काही ठिकाणी हाडाचा लचका तुटून निघालेला, मानेचे आणि पाठीचे मणके, खांदे, कोपरं झिजलेली. तरुण वयात. २००३ मध्ये हाताने कोरलेल्या लाकडी पेट्यांत घालून ती परत तिथंच पुरली.

तोवर अमेरिकेच्या शाळेत शिकवत, गुलामगिरी दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यात होती, न्यूयॉर्कचा काय संबंध. ४१९ सांगाड्यांनी ती थाप उघडी पाडली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव काळ्यांच्या पँथरवरून घेतलं. नाव घेतलं ते चांगलंच. ही गोष्टही घ्यायला पाहिजे.

आता एक अवघड गाठ. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं 'मेरी रोज' जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. आतल्या सांगाड्यांत अ‍ॅन स्टर्लंड यांना पुष्कळ फऱ्यांचं टोक सुटं दिसलं. हे टोक कोवळ्या वयात वेगळं असतं आणि विशी-पंचविशीपर्यंत जुळतं. ते जुळलं नाही, म्हणजे पोरवयापासून जड धनुष्य ओढत असतील, असं त्यांचं म्हणणं. मला लगेच बापाचे सोळा वर्षं आठवले. पण अमेरिकेत क्लीव्हलँडला हजारो सांगाड्यांचा एक संग्रह आहे, विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत जमवलेला, बहुतेक बेवारस मेलेले गरीब. २००० साली त्यातले दोन हजारांवर फरे मोजले, तर हे सुटं टोक गोऱ्यांपेक्षा काळ्यांत जास्त निघालं. याचा अर्थ काय लावायचा? रक्तातच आहे म्हणायचं, की लहानपणापासून ओझी वाहिली म्हणायचं? दोन्ही बोलणारे आहेत. हाड दोघांनाही हो म्हणतं.

इथं मला नाक आठवतं. रिस्ले नावाच्या इंग्रज साहेबानं माणसांची नाकं मोजली आणि सिद्धांत काढला, की नाक जितकं चपटं तितकी जात खाली. म्हणजे जात ही वंशातूनच आली. बाबासाहेबांनी काय केलं? ते मोजमापावर चिडले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी तीच नाकमोजणी घेतली, घुर्यांनी मांडलेले आकडे घेतले, ब्राह्मणाचं नाक आणि अस्पृश्याचं नाक शेजारी शेजारी ठेवलं आणि दाखवून दिलं, की वंश वेगळा नाही. वैऱ्याच्या फूटपट्टीनं वैऱ्याचा सिद्धांत मोजला. म्हणून मी त्या पोराचं ऐकलं. आपण उद्या उठून म्हणालो, हे बघा दलिताचं हाड, तर आपण रिस्लेच झालो. हाडात जात नसते. फऱ्याच्या उखळीत कोणी महार-मांग-चांभार लिहून ठेवत नाही. हाडात काम असतं, आणि तेही धूसर. काम कोणाच्या वाट्याला, कोणत्या वयापासून आणि किती वर्षं आलं, हे हाडाच्या बाहेर असतं. जात ही श्रमाची नाही तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं होतं. कोणाच्या खांद्याला कोणतं काम हे जन्माआधीच ठरलेलं. गावातलं मेलेलं ढोर कोणी ओढायचं, साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत कोणी न्यायचं, मढ्यासाठी लाकडं कोणी फोडायची. या महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणलं. वतन कायद्यानं जायला १९५९ उजाडावं लागलं.

परत पेटीकडं येतो. त्या पेटीतली हाडं कोणाची? पोराला माहीत नव्हतं. त्याला देणाऱ्यालाही नव्हतं. हाडांवर शाईनं दोन-तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी रेघा मारलेल्या, स्नायूंच्या जागा लाल-निळ्या रंगवलेल्या. नाव एकाही जागी नाही. मी चौकशी केली. इंग्रजांच्या काळापासून कलकत्ता हे माणसांच्या हाडांच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. जगभरच्या मेडिकल कॉलेजांत भारतातले सांगाडे टांगलेले असत. मढी गोळा करणं, हाडं साफ करणं ही कामं डोम जातीच्या लोकांकडं. १९८५ मध्ये भारत सरकारनं निर्यात बंद केली. आणि शरीर चिरून शिकायला प्रेतं कुठून येतात? १९४९ चा कायदा आहे, दवाखान्यात बेवारस मेलेला माणूस कॉलेजला देता येतो. आता पुष्कळ लोक आपणहून देहदान करतात, ती गोष्ट वेगळी आणि चांगली. पण बेवारस कोण मरतं? फुटपाथवर कोण झोपतं? ज्याच्या चितेला लाकूड नाही त्याचं हाड कपाटात. जिवंतपणी ज्याला हात लावायला डॉक्टर कचरत होता, मेल्यावर त्याच्याच हाडाला हात लावून डॉक्टर शिकला.

हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण मी पेटी टाकून द्या असं म्हणत नाही. पोरानं शिकलंच पाहिजे. वस्तीतला तो पहिला डॉक्टर होईल, आणि तो शर्ट काढायला सांगेल, हात लावेल. मी त्याला एवढंच म्हणालो, की अभ्यास झाला की हाड फेकल्यासारखं टाकू नको, नीट ठेव. तो तसंच ठेवतो आता. दंडाचं हाड एका जुन्या निळ्या फडक्यात गुंडाळतो. मी सांगितलं नव्हतं.

जगात सगळेच काही असे निर्दय नव्हते. इराकमध्ये शनिदारच्या गुहेत १९५७ साली सोलेकी यांना निअँडरथल माणसाचा सांगाडा सापडला, आपल्या इतिहासाच्या कितीतरी आधीचा, पन्नास हजार वर्षांच्या आगेमागे. त्याचा उजवा खांदा, हसळी, दंड वाळून बारीक झालेला, कोपराखालचा हात गेलेला, डोळ्याजवळ मार. तरी तो चाळिशीपर्यंत जगला. एकट्याला शिकार कशी जमली असेल? कोणीतरी त्याला वाटा देत होतं. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांनी कामातून गेलेला खांदा पोसला.

बापाचा खांदा काम देईना तेव्हा गोदामवाल्यानं दुसऱ्या दिवशी दुसरा पोऱ्या ठेवला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली, की प्रौढ पुरुषानं ५५ किलोहून जास्त ओझं वाहू नये. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तिथले हमाल लढून मिळवत होते. बापाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या खांद्यावर त्या वर्षीही क्विंटलच होता.

तर आता कामाचं बोलतो. न्यूयॉर्कचे गुलाम पुरले गेले म्हणून सापडले. अमार्नाचे मजूर वाळूत पुरले गेले म्हणून सापडले. आपण जाळतो. बाप १९९८ मध्ये गेला, चार जणांनी खांदा दिला, त्यात मी एक. दुसऱ्या दिवशी राख सावडताना एक वाटोळा तुकडा हाती लागला, पांढरा, भाजलेला. खांद्याचा होता की खुब्याचा, मला तेव्हा कळत नव्हतं. नदीत गेला. हजार वर्षांनी कोणी नागपूर खणलं तर मिलच्या चिमण्यांचा पाया निघेल, वाड्याच्या विटा निघतील, पुतळे निघतील. इतवारीचा हमाल, कॉटन मार्केटचा पाटीवाला, मायसारखी रेजा, मैला वाहणारी बाई, यांचा एक खांदा निघणार नाही.

म्हणून प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या दहा म्हाताऱ्या माणसांकडं जा. वही घेऊन जा. खांदा कोणता, काम कोणतं, कोणत्या वयात लागलं, ओझं किती, किती वर्षं, हात कुठपर्यंत वर जातो. म्हाताऱ्यांना आधी वाटेल पेन्शनचं आहे. समजावून सांगा. बायांना वेगळं विचारा, पुरुषांसमोर त्या सांगत नाहीत. जात विचारू नका. ती कामाच्या रकान्यात आपोआप दिसेल. पानं भरली की आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकापासून छापत जाऊ. स्टेन्सिल कापायला मी बसतो. पहिली नोंद मीच करून ठेवलीय, मायनं मरण्याआधी जे सांगितलं त्यावरून.

पुरुष. राहणार सक्करदरा. उजवा खांदा. हमाली, इतवारी. वय सोळापासून. क्विंटलचं पोतं, दिवसाला साठ-सत्तर. एकतीस वर्षं. हात कानापर्यंत जात नव्हता. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच खांद्यावरून आईला दीक्षाभूमीवर नेलं, वजन माहीत नाही.